इन्युलिन पावडर: दोन महिन्यांनंतर, चार तारे

चिकोरीच्या मुळापासून काढलेलं हे इन्युलिन, म्हणजे एक न पचणारा तंतू (फायबर), मी बद्धकोष्ठतेसाठी घेतलं. दिवसभर बसून काम, तीन-तीन दिवस पोट साफ नाही, हे वर्षानुवर्षं चाललेलं. आता बहुतेक रोज होतं. तरी एक तारा कापतेय, तो लेबलसाठी.

डब्यावर 'रोज दोन चमचे' एवढंच छापलंय. पहिल्या दिवशी मी तसंच घेतलं आणि रात्री पोट तट्ट फुगलं, गुडगुड थांबेना. सकाळी सोबतचा चमचा शिगोशीग भरून काट्यावर ठेवला, तर ७ ग्रॅम! म्हणजे सवय नसलेल्या पोटात मी एकदम १४ ग्रॅम ढकलले होते.

मग नीट वाचलं. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोज या साखरेच्या कड्यांची साखळी. ती तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाकडे नाही, त्यामुळे ती न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथे मुख्यतः बिफिडोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू तिला आंबवून तिच्यावर जगतात आणि ॲसिटेट, लॅक्टेट ही आम्लं सोडतात. ती उचलून दुसरे जिवाणू ब्युटिरेट हे आणखी एक आम्ल बनवतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण, आणि त्यावर आपलं अस्तर पोसलं जातं! हे कळल्यापासून मी हा डबा औषध म्हणून बघतच नाही. वायूही त्याच आंबण्यातून होतो, म्हणून हळूहळू वाढवायचं.

पुन्हा २ ग्रॅमपासून सुरुवात केली, दर आठवड्याला २ ग्रॅम वाढवत सहाव्या आठवड्यात १२ वर आले. शौचाची वारंवारता वाढण्यासाठी चिकोरी इन्युलिनचं रोजचं १२ ग्रॅम हेच प्रमाण युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये ग्राह्य धरलं. फुगणं आता नावापुरतं. मध्ये चार दिवस डबा घरी विसरून प्रवासाला गेले, तर गाडी पुन्हा जुन्या वळणावर. या जिवाणूंना रोज खाऊ लागतो.

चव किंचित गोड. कोमट पाण्यात पटकन विरघळतं, गार पाण्यात गुठळ्या होतात. इसबगोलासारखं बुळबुळीत होत नाही. आंबट पदार्थात घालून उकळू मात्र नका, आम्ल आणि उष्णता मिळून साखळी तुटते.

लेबलवर साखळीची लांबी नाही, हा माझा खरा राग. आखूड साखळ्या लवकर आंबतात आणि वायू जास्त करतात, लांब साखळ्या सावकाश. हा फरक नाजूक पोटाच्या माणसाला आधी कळायला हवा. कंपनीला विचारलं, तर 'शंभर टक्के नैसर्गिक' असं उत्तर आलं.

माझ्या बहिणीला आयबीएस, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा विकार आहे. तिने २ ग्रॅमच घेतले, तरी कळा आल्या. फ्रुक्टन, म्हणजे इन्युलिनसारख्या फ्रुक्टोजच्या साखळ्या, तिच्या आहारतज्ज्ञाच्या वर्ज्य यादीत होतेच, पण डब्यावर तो शब्दच नसल्याने आम्हा दोघींच्या लक्षात आलं नाही. तुम्हालाही आयबीएस असेल तर आधी विचारून घ्या. दुसरा डबा मी साखळीची लांबी छापणाऱ्या कंपनीचा मागवलाय.