सॅन मारिनो की लिकटेनस्टाइन? युरोपातल्या या दोन चिमुकल्या देशांपैकी मला जवळचा कोणता?

सॅन मारिनो 61 चौरस किलोमीटरचा, चारही बाजूंनी इटलीने वेढलेला. लिकटेनस्टाइन 160 चौरस किलोमीटरचा, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये. खरा फरक मात्र जन्मकथेत आहे.

मारिनुस नावाच्या पाथरवटाने 301 साली तितानो डोंगरावर वस्ती केली, असं सॅन मारिनोत परंपरेने मानतात. तिथे राजघराणं नाही. 1243 पासून दोन कॅप्टन रीजंट जोडीने राष्ट्रप्रमुखपद सांभाळतात आणि दर सहा महिन्यांनी नवी जोडी येते. सत्ता एका हाती साचू नये याची इतकी जुनी काळजी! 1849 मध्ये ऑस्ट्रियन सैन्य मागावर असताना इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीला याच प्रजासत्ताकाने आसरा दिला आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो निर्वासितांनाही. म्हणूनच मला हा देश जास्त जवळचा वाटतो.

लिकटेनस्टाइन घराण्याने मात्र जमीन विकत घेतली: 1699 मध्ये शेलेनबर्ग, 1712 मध्ये वाडुझ. 1719 मध्ये दोन्ही मिळून संस्थान झालं. तरी राजे राहायचे व्हिएन्नात. वाडुझला कायमचा मुक्काम हलवला तो 1938 मध्ये फ्रान्झ जोसेफ दुसरे यांनी. सैन्य 1868 मध्येच बरखास्त झालं, हे कौतुकाचं. चलन स्विस फ्रँक. पण राजाला आजही कायदा रोखता येतो, आणि स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळायला 1984 उजाडलं, हे मला फार खटकतं.