बर्लिनमध्ये अर्धा दिवस मोकळा असेल तर हे तुरुंग बघाच

चेकपॉइंट चार्लीला (पूर्व-पश्चिम बर्लिनमधलं जुनं सीमा-नाकं) सगळेच फोटो काढायला पळतात, आम्ही पण पळालो आणि वीस मिनिटांत कंटाळलो. त्यापेक्षा होहेनशोएनहाउझेनचं जुनं स्टासी (म्हणजे कम्युनिस्ट पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस) तुरुंग बघा. ॲलेक्झांडरप्लाट्झवरून एम ५ ट्राम, फ्राइनवाल्डर श्ट्रासला उतरून दहा मिनिटं चालायचं (मी गप्पांच्या नादात एक स्टॉप पुढे गेलो, चूक माझीच). टूर गाइडबरोबरच घ्या, काही गाइड तर स्वतः इथे कैदी होते.

मूळची बिल्डिंग म्हणजे नाझी काळातलं भलंमोठं स्वयंपाकघर. १९४५ ला सोव्हिएत सैन्याने ताब्यात घेतलं आणि नंतर कैद्यांकडूनच तळघरात कोठड्या बांधून घेतल्या. त्याला 'यू-बोट' म्हणतात, पाणबुडी. खिडकी नाही, एक लाकडी फळी, एक बादली, बल्ब रात्रंदिवस चालू. मी एका कोठडीत जाऊन उभा राहिलो, दोन मिनिटं पण निघेनात.

माझ्या डोक्यातून जात नाहीये तो वाल्टर लिन्झं. पश्चिम बर्लिनमधला वकील, पूर्व जर्मनीतल्या अन्यायाच्या केसेस गोळा करणाऱ्या संघटनेत काम करायचा. ८ जुलै १९५२ ला सकाळी घराबाहेर पडला, कोणीतरी सिगरेटला लायटर मागितला आणि पुढच्या क्षणी स्टासीच्या माणसांनी मारहाण करून गाडीत कोंबला, थेट हद्दीपार पूर्व जर्मनीत! दोन दिवसांनी शोएनेबर्ग टाउन हॉलसमोर २५ हजारांच्या आसपास लोक जमले, अमेरिकनांनी जर्मनीतल्या सोव्हिएत सैन्याचा प्रमुख जनरल चुइकोवकडे निषेध नोंदवला, आणि सोव्हिएतवाल्यांनी सरळ कानांवर हात ठेवले, आम्हाला काहीच माहीत नाही म्हणे. आणि माणूस तेव्हा इथेच, याच तुरुंगात! डिसेंबरमध्ये त्याला सोव्हिएत ताब्यात दिलं, वर्षभराने १५ डिसेंबर १९५३ ला मॉस्कोत गोळी घातली. मेल्याचं कळवलं कधी, तर १९६० ला, तेही रेड क्रॉसमार्फत, आणि गोळीचा उल्लेख न करता. पत्रव्यवहार करणाऱ्यांना एवढी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही.

तसा हा लिन्झं काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, नाझी काळात केम्निट्झमध्ये ज्यूंचे धंदे हिसकावण्याच्या सरकारी कामात होता. त्याच्या नावाने पुरस्कार द्यायचं ठरलं होतं, २००७ मध्ये त्यावरून वाद झाला आणि नाव मागे घ्यावं लागलं.

लहान पोरं नेऊ नका. आणि तळघरात जाताना जॅकेट काढू नका, जुलैत पण गारठा होता.