राजवाड्याजवळची पोह्याची गाडी, पाच स्टार

इंदूरला आलात तर राजवाड्याजवळ सकाळी पोहे खायलाच हवेत, वाफेवरचे मऊ, वर शेव आणि मालक चिमटीनं भुरभुरवतात तो जिरावण मसाला, लिंबू मागावंसुद्धा लागत नाही. काल गाडीजवळ रेडिओवर किशोर कुमार लागला आणि विषय निघाला, हे नट-गायक राजकारणावर बोलतात ते मनापासून की पिक्चर येतोय म्हणून? शेजारचे काका म्हणाले, अरे आपल्या क्रिश्चियन कॉलेजात शिकलेला हा माणूस, आणीबाणीत सरकारच्या प्रचाराला गायला नाही म्हणाला आणि १९७६ मध्ये आकाशवाणीवर त्याची गाणी बंद! मला पटलं, बोलून ज्याचं नुकसान होतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो. गप्प राहणाऱ्यांवर मी चिडत नाही, त्यांच्या कामावर कितीतरी घरं चालतात. जिलबी मात्र गार होती, ती गरम मागून घ्या.