बी गोठवायचं की रोप वाढवायचं? भूर्ज आणि खर्सू ओक

गढवाल-कुमाऊंच्या वृक्षरेषेजवळची (जिच्या वर झाडं उगवत नाहीत, त्या उंचीजवळची) ही दोन झाडं. दोघांचं बी एकाच पद्धतीने जपायला गेलं, तर एकाचं हमखास वाया जातं.

भूर्जाचं बी बारीक, पंख असलेलं. वाळवलं तरी जिवंत राहतं. त्याला बीजपेढी, म्हणजे थंडीत बी साठवायची जागा, सोयीची. १५ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत वाळवायचं, हवाबंद पाकिटात भरून उणे २० अंशांवर ठेवायचं. छोट्याशा पाकिटात हजारो बिया मावतात. मेख एवढीच, की भूर्जाचं पुष्कळ बी पोकळ निघतं. आधी शंभरेक बिया कापून पाहा, नाहीतर पेढीत फोलपटंच साठतील.

खर्सूला हा मार्ग बंद. त्याचं फळ ऐन पावसाळ्यात पिकतं, कधी झाडावरच अंकुरतं. वाळवलं की बी मरतं. ओलं गोठवलं तर बर्फाचे कण पेशी फाडतात. म्हणून रोपवाटिका. फळं पाण्यात टाका, तरंगणारी बहुधा किडीने पोखरलेली असतात, ती फेका. बुडालेली आठवडाभरात पेरा. सोटमूळ झपाट्याने खोल जातं. उथळ पिशवीत ते वेटोळं घेतं आणि पुढे झाड नीट उभंच राहत नाही. उंच पिशवी किंवा रूट ट्रेनर (मुळं सरळ खाली नेणारं खोल, खाचांचं भांडं) घ्या.

खर्च रोपवाटिकेचाच जास्त: पाणी, राखण, आणि लागवडीनंतर कुंपण. खर्सूचा पाला गुरांचा आवडता चारा आहे.

दोन्हीकडे बी मात्र ३०-५० झाडांवरून गोळा करा, म्हणजे विविधता टिकते. एकाच भरघोस झाडाचा मोह टाळा.