एक्सेलची कामाचे दिवस मोजणारी फंक्शने: हिशेब चोख, नावे फसवी

पगारपत्रक, नोटिशीची मुदत, माल पोहोचवण्याची तारीख असे रोजचे हिशेब अनेक कार्यालयांत मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या ज्या फंक्शनांवर चालतात, त्यांच्या गणिताबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. अडचण आहे ती त्यांच्या इंग्रजी नावांची आणि त्या नावांआड दडलेल्या गृहीतकांची.

'वीकडे' हेच पाहा. इंग्रजीत हा शब्द सहसा सोमवार ते शुक्रवार या दिवसांसाठी वापरला जात असल्यामुळे, दिलेली तारीख कामाची आहे की सुटीची हे या फंक्शनमधून कळेल, असा नवख्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते फक्त वार सांगते आणि तोही आकड्यात: रविवारसाठी १, शनिवारसाठी ७. 'नेटवर्कडेज' हे नाव तर सलग मोठ्या अक्षरांत लिहिलेले असल्याने पहिल्या वाचनात संगणकाच्या नेटवर्कशी संबंधित वाटते. त्यातला 'नेट' निव्वळ पगारातला आहे, म्हणजे सुट्या वजा जाता उरलेले कामाचे दिवस.

खरा गोंधळ मात्र 'वर्कडे' (ठरावीक कामाच्या दिवसांनंतर कोणती तारीख येईल ते सांगणारे) आणि 'नेटवर्कडेज' (दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजणारे) या जोडीत आहे. नावे इतकी जवळची, की एक दुसऱ्याचे उलट गणित करत असेल असे वाटावे. ८ जून २०२६ हा सोमवार आणि १२ जून हा शुक्रवार घेतला, तर नेटवर्कडेज ५ असे उत्तर देते, कारण ते दोन्ही टोकांचे दिवस धरते. वर्कडेला ८ जूनच्या पुढे ५ दिवस विचारले, तर ते पुढचा सोमवार, १५ जून सांगते, कारण ते आरंभाचा दिवस सोडून देते. यातले कोणतेच उत्तर चुकीचे नाही. 'फ्रॉम' (पासून) या शब्दाने पहिला दिवस वगळला जातो, ही रीत आपल्याकडे कायद्यांतल्या शब्दांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम ९ मध्येही आहे. पण करारातली मुदत मोजायला बसलेल्या लिपिकाला हा फरक फंक्शनच्या नावावरून कळण्याची सोय नाही. भरीला, सेलचे स्वरूप तारखेचे नसेल तर वर्कडेचे उत्तर ४६१८८ असे दिसते, कारण एक्सेल आतून तारखा दिवसांच्या क्रमांकाने साठवते.

दोन्ही फंक्शने शनिवार-रविवार सुटी गृहीत धरतात. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने तिथे हे बसते. फक्त रविवारी बंद असणाऱ्या दुकानाने नावापुढे 'इंटल' (INTL) जोडलेली आवृत्ती वापरून साप्ताहिक सुटी कोणती हे सांगणारा ११ हा संकेतांक द्यावा. गुरुवारी साप्ताहिक सुटी असलेल्या कारखान्यासाठी तो १५ आहे. एक्सेल २०१० मध्ये आलेली ही सोय उत्तम आहे, आणि माझ्या मते मूळ फंक्शने विसरून सर्वांनी हीच वापरावीत. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते, त्यासाठी मात्र कोणताही संकेतांक नाही. ते शनिवार गणेश चतुर्थी आणि दिवाळीसारख्या दरवर्षी तारीख बदलणाऱ्या सणांबरोबर सुट्यांच्या यादीत स्वतः लिहावे लागतात. यादी लिहिताना संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकी नाही ना, हे आधी पाहावे. तशी असल्यास ०५/०६ ही ५ जूनऐवजी ६ मे होते आणि एक्सेल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

शनिवारी अर्धा दिवस काम करणाऱ्या कार्यालयांचा विचार या फंक्शनांत केलेलाच नाही. त्यावर उपाय आहे: 'इंटल' जोडलेल्या नेटवर्कडेजमध्ये संकेतांकाच्या जागी अवतरणचिन्हांत सात अंकी '१११११०१' लिहिले (सोमवारपासून दर दिवसाला एक अंक, १ म्हणजे सुटी), म्हणजे केवळ शनिवार मोजले जातात, त्यांची निम्मी संख्या सोमवार ते शुक्रवारच्या दिवसांत मिळवावी. अंक अर्थातच इंग्रजी कळफलकावरून टाइप करावे लागतात.