छोट्या शहरात घर घेताना भागाआधी गल्ली बघा: काही महिने राहिल्यानंतरचा अनुभव

छोट्या शहरात घर शोधायला लागलं की एक वाक्य जो तो ऐकवतो: ‘इथं कुठूनही कुठंही दहा मिनिटं. भाग कुठला का असेना, घर चांगलं बघा.’ एजंट म्हणतो, नातेवाईक म्हणतात, ऑफिसातले म्हणतात. दहा मिनिटांचं खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला तेव्हाही पटला नव्हता आणि आता पावसाळा, हिवाळा इथं काढून उन्हाळ्याला लागल्यावर तर अजिबात पटत नाही. सगळंच जवळ असलं की अंतराचा मुद्दा निकालात निघतो. मग मोठ्या शहरात लोक ज्या गोष्टी नाइलाजाने सोडून देतात त्याच इथं रोजचं जगणं ठरवतात: गल्लीतून गाड्या किती जातात, पाणी कुठे साचतं, म्हातारं माणूस एकटं बाहेर पडू शकतं का.

आमच्यापुढे शेवटी दोन घरं उरली होती. एक शहराच्या कडेला, नव्या ले-आउटमध्ये. ऐसपैस, दोन गाड्या लावायला जागा, मागे मोकळं रान. दुसरं जुन्या वस्तीत, बाजारपेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक खोली कमी आणि गाडी लावायची तर दारासमोर रस्त्यावरच. पैसे जवळपास सारखेच. आम्ही दुसरं घेतलं. घरात आम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. गाडी चालवणारे आम्ही दोघंच, पण वस्ती ठरवताना विचार केला तो गाडी न चालवणाऱ्या दोघींचा.

याचा फायदा पहिल्या काही आठवड्यांतच दिसला. ‘दहा मिनिटं’ ही गाडीची दहा मिनिटं असतात. ज्याला गाडी चालवता येत नाही त्याच्यासाठी ती कुणाच्या तरी सवडीवर अवलंबून असतात. साधारण चालीने पाच मिनिटांत ४०० मीटर होतात. आमच्या दारापासून तेवढ्या टप्प्यात औषधांचं दुकान, किराणा, दवाखाना, वाचनालय आणि एक छोटी बाग आहे. सासूबाई यातल्या कुठेही जाताना कुणाला विचारत नाहीत. मुलगी मैत्रिणीकडे चालत जाते, चालत येते. दिवसभरातल्या किती फेऱ्या आमच्या वाचल्या, हे कडेच्या ले-आउटमध्ये राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांकडे बघितलं की कळतं. त्यांची संध्याकाळ मुलांना सोडण्या-आणण्यात जाते.

पण नुसतं अंतर मोजून भागत नाही. वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, ते बघा. अनेक देशांत पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हणजे १२ मीटर रुंद रस्त्याला १० सेकंद. ज्याची चाल सेकंदाला ०.८ मीटर आहे, आणि उतारवयात अशी चाल अगदी सर्रास असते, त्याला तोच रस्ता ओलांडायला १५ सेकंद लागतात. सिग्नल सुटल्यावरचे पाच सेकंद तो माणूस गाड्यांसमोर असतो. आम्ही बघितलेलं आणखी एक घर बागेच्या अगदी समोर होतं, पण मध्ये असा रस्ता होता. सासूबाईंना बरोबर घेऊन गेलो होतो. त्या दुभाजकापर्यंत पोचल्या आणि तिथेच अडकल्या. ते घर तिथेच बाद केलं.

आता गाड्यांच्या वर्दळीबद्दल, कारण या घराची सगळ्यात मोठी जमेची बाजू मला हीच वाटते. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनातज्ज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, बाकी बाबतींत बऱ्यापैकी सारख्या अशा तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांशी बोलून एक अभ्यास केला होता. एका रस्त्यावरून दिवसाला साधारण २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. कमी वर्दळीच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र आणि सहाहून जास्त ओळखीचे होते. सर्वांत जास्त वर्दळीच्या रस्त्यावर मित्र एकाहूनही कमी आणि ओळखीचे तीनच्या आसपास. ‘माझं घर’ कुठवर पसरलंय असं विचारलं तर कमी वर्दळीचे लोक सगळा रस्ता आपला म्हणायचे. जास्त वर्दळीचे लोक घरापुरतंच बोलायचे. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचा अभ्यास आहे, पण आमच्या गल्लीत राहून मला तो अक्षरशः डोळ्यांसमोर दिसतो. आमची गल्ली पुढे एका भिंतीला जाऊन संपते. ज्याला इथं यायचंच आहे तोच येतो. त्यामुळे पोरं रस्त्यावर खेळतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी ना कुणी ओट्यावर असतं, आणि महिन्याभरात आम्हाला गल्लीतली बहुतेक नावं पाठ झाली.

शेजारची गल्ली आमच्याइतकीच रुंद, झाडंही तितकीच. रविवारी सकाळी घर बघायला आलात तर दोन्हींत काही फरक सापडणार नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला या. मुख्य चौकातला सिग्नल तुंबला की गाड्या त्या गल्लीत घुसतात, कारण ती दोन मोठ्या रस्त्यांना जोडते. हॉर्न, घाई, आरशाला आरसे घासणं, सगळं तासभर चालतं. तिथे कुणी ओट्यावर बसत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: नकाशा उघडा आणि तुम्हाला आवडलेली गल्ली कुणाचा तरी जवळचा रस्ता होतेय का ते आधी शोधा. वस्तीचं नाव, ‘चांगला एरिया’ हा शिक्का, यातून ही गोष्ट कधीच कळत नाही. एकाच वस्तीत दोन गल्ल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आवाजाचं गणितही थोडं समजून घेण्यासारखं आहे. सतत वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने उतरतो. म्हणजे ‘रस्त्यापासून थोडं आत आहे’ याला फारसा अर्थ नसतो. मध्ये इमारतींची सलग रांग आली की मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरच्या वाहनांचा रात्रीचा आवाज घराबाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय. मोबाइलवरचं अ‍ॅप अचूक नसतं, पण एकाच फोनवर दोन घरांची तुलना करायला पुरतं. इथं एक तक्रार नोंदवते. गल्लीच्या मागच्या बाजूला एक गोदाम आहे आणि तिथे पहाटे ट्रक रिकामे होतात. रिव्हर्स घेतानाचा तो टीं-टीं आवाज मागच्या खोलीत स्पष्ट येतो. आम्ही झोपायच्या खोल्या पुढच्या बाजूला केल्या, मागची अभ्यासाची केली आणि प्रश्न बराचसा सुटला. घर बघायला पहाटे पाचला कुणी जात नाही, पण एकदा जाऊन उभं राहायला काही हरकत नाही.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. छोट्या शहरांत हाच विषय सगळ्यात जास्त झाकला जातो. ‘इथं पाणी येतं ते शंभर वर्षांतून एकदा’ असं कुणी म्हणालं तर त्याचा हिशेब नीट करा. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षात तो येण्याची शक्यता १ टक्का. ३० वर्षांचं कर्ज घेतलंत तर हप्ते फिटेपर्यंत तो निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. कर्ज घेणाऱ्याने हा आकडा डोक्यात ठेवूनच सखल भागातलं घर बघावं.

पुराची गोष्ट सोडा, दरवर्षीच्या पावसाचं पाणीसुद्धा घर बघतानाच ओळखता येतं. कंपाउंडच्या भिंतीवर एका सरळ रेषेत रंग बदललाय का? तळमजल्यावरच्या घरांनी दारात बिनकामाची एक पायरी किंवा सिमेंटचा उंबरा बांधलाय का? वीजमीटरची पेटी कुणी वर उचलून बसवलीय का? ही सगळी पाणी घरात शिरल्यानंतर केलेली कामं असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रस्ता आणि जोतं यांची उंची. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकला की रस्ता वर येत जातो आणि मूळचं उंच घर हळूहळू खड्ड्यात जातं. जुन्या वस्तीत हे फार होतं. आमच्या गल्लीतल्या दोन घरांची फाटकं आता अर्धवटच उघडतात, कारण खालून रस्ता अडतो. आमच्या घराचं जोतं अजून फूटभर तरी वर आहे, आणि गल्लीचा उतार आमच्याकडून लांब जातो. भर पावसात कोपऱ्यावर घोट्याएवढं पाणी होतं तेव्हा आमच्या दारात फक्त ओल होती.

कडेच्या ले-आउटमधलं ते मोकळं रान दिसायला फार सुंदर होतं, पण ते काही घराबरोबर विकत मिळत नाही. शेजारचा रिकामा प्लॉट कुणाचा तरी असतो आणि तो कधी ना कधी बांधणार. शहराचा विकास आराखडा बघायला मिळत असेल तर त्या जागेवर रस्ता, शाळा, मार्केट की आणखी काय दाखवलंय ते बघून घ्यावं. नळाच्या दाबाचंही तसंच. दर १० मीटर उंचीला पाण्याचा दाब साधारण १ बारने कमी होतो, त्यामुळे टेकाडावरच्या आणि जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरांनी आधी चौकशी करावी.

भावाबद्दल एकच सांगते. छोट्या शहरात एखाद्या वस्तीत वर्षाला मोजकेच व्यवहार होतात. ‘इथला रेट’ म्हणून जो आकडा सांगतात तो कधीकधी दोन-तीन सौद्यांवर उभा असतो, त्यातला एखादा भावाभावांतल्या वाटणीचाही असू शकतो. शिवाय पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो. शहर एखाद्या कारखान्यावर किंवा कॉलेजवर चालत असेल तर फारच. म्हणून पाच-सात वर्षांत विकून निघायचा बेत असणाऱ्यांनी भाड्याने राहिलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. गाडी लावण्यावरून कुरबुरी होतात. पाहुणे आले की गाडी लांब लावून चालत यावं लागतं. एक खोली कमी असल्याची जाणीव परीक्षेच्या दिवसांत होते, आणि पुढे मुलगी मोठी होईल तशी ती वाढणार. ओळखीपाळखी वाढल्या की चौकशाही वाढतात: कुणाकडे कोण आलं, कोण किती वाजता परतलं, हे गल्लीला माहीत असतं. ज्यांना एकांत हवा, त्यांना हे जाचेल आणि त्यांनी कडेचं मोठं घर घ्यावं, त्यात काहीच वावगं नाही. घरातली सगळी माणसं गाडी चालवणारी असतील तर त्यांचंही तिथे निभावतं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मी पुन्हा अशीच गल्ली निवडेन.

सध्या आमच्या गल्लीचा रस्ता नव्याने करायचं घाटतंय. जुना थर खरवडूनच नवा टाकावा, असा अर्ज सगळ्या घरांनी मिळून सह्या करून दिलाय आणि सह्या गोळा करायचं काम सासूबाईंनी दारोदार फिरून केलं. काम पावसाच्या आधी व्हायला हवं. ते कसं झालं आणि येत्या पावसात कोपऱ्यावरचं पाणी कमी झालं का, ते त्यानंतर इथंच लिहीन.