डबल चार्ज की डिजिटल ग्लेझ्ड?

विट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट केलेली फरशी बसवायची हे एकदा ठरले की पुढचा पेच उरतो तो डबल चार्ज घ्यावी की डिजिटल छपाईची ग्लेझ्ड (काचेसारखा लेप दिलेली), म्हणजे दुकानात जिला सरसकट ‘जीव्हीटी’ (ग्लेझ्ड विट्रिफाइड टाइल) म्हणतात ती. माझ्या घरात दोन्ही आहेत. दिवाणखान्यात गडद राखाडी दगडाच्या छपाईची ग्लेझ्ड आणि आतल्या दोन खोल्यांत डबल चार्ज, एकाच गवंड्याने एकाच महिन्यात बसवलेली. सात वर्षांच्या वावरानंतर हे लिहितो आहे, त्यामुळे यात मोजमापापेक्षा अनुभवच अधिक आहे.

भट्टीपुरते पाहिले तर दोघींमध्ये फारसे अंतर नाही. दोन्ही साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजल्या जातात आणि दोन्हींची पाणी शोषण्याची क्षमता अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते. खरा फरक आहे तो रंग किती खोलवर आहे याचा. डबल चार्जमध्ये साच्यात पावडरीचे दोन थर घालून ते एकत्र दाबतात. त्यांतला वरचा रंगीत थर सुमारे तीन ते चार मिलिमीटर जाडीचा असतो आणि भाजून झाल्यावर तोच घासून चकचकीत केला जातो. ग्लेझ्डमध्ये मात्र साध्या गाभ्यावर ग्लेझचा पातळ थर आणि त्याच्या जोडीला शाईने उमटवलेले चित्र, एवढेच असते. २००० सालच्या सुमारास इंकजेट छपाई या उद्योगात आली आणि रोलर किंवा जाळी फरशीला टेकवण्याची गरज संपली. छपाईयंत्राचा फरशीला स्पर्शच होत नसल्याने उंचसखल पृष्ठभागावरही लाकडाचे रेषे, दगडाच्या शिरा हुबेहूब उमटू लागल्या.

देखणेपणाच्या बाबतीत त्यामुळे तुलनाच नको. डबल चार्जमध्ये ठिपके, ढगाळ छटा आणि फार तर पुसट शिरा मिळतात; लाकडाचा आभास तिला जमत नाही. ग्लेझ्डला काहीही जमते, मात्र त्या चित्राच्या ठरावीक आवृत्त्याच छापलेल्या असतात. माझ्या दिवाणखान्यात नदीच्या फाट्यासारखी एक पांढरी शीर आहे. ती दारापाशी, खिडकीखाली आणि कपाटासमोर अगदी त्याच वळणाने येते. पाहुण्यांना ते कधी दिसले नाही, मला मात्र आता दुसरे काही दिसत नाही. अर्थात, बसवण्यापूर्वी खोकी उघडून फरश्या नीट मिसळून घेतल्या असत्या तर हे बरेचसे टळले असते. तो दोष माझा.

माझे मत फिरले ते एका टवक्यामुळे. पंखा दुरुस्त करताना शिडीवरून पान्हा निसटला आणि दिवाणखान्याच्या ऐन मध्यावर करंगळीच्या नखाएवढा टवका उडाला. राखाडी फरशीचा आतला गाभा दुधी रंगाचा निघाला. अंधारातही दिसावा असा तो पांढरा डाग पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलू लागला. रंग मिसळलेले इपॉक्सी भरून पाहिले. काही महिने ते बरे दिसले, मग कडेने पुसणीचा मळ धरून त्याभोवती काळे कडे तयार झाले. जादा घेतलेल्या दोन फरश्या माळ्यावर आहेत, पण एक फरशी फोडून काढताना शेजारच्या चारांच्या कडा शाबूत राहतील याची हमी गवंडी देईना, आणि नव्या बॅचची शेड जुळत नाही. अखेर तिथे सतरंजी आली. पुढे आतल्या खोलीत कपाटाचा जड खण असाच निसटून पडला, तेव्हा टवका उडाल्याचे आवाजावरून कळले, पण तो शोधायला मला गुडघ्यांवर बसून बोट फिरवावे लागले. वर जो रंग तोच आत, त्यामुळे खळगा हाताला लागतो, नजरेला नाही.

डबल चार्ज निर्दोष आहे असे नाही. पॉलिश करताना तिची सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात. ती भरण्यासाठी वरून लेप देतात, तरीही पेनातून सांडलेल्या शाईचा एक फिकट निळा ठिपका माझ्याकडे अजून टिकून आहे. ग्लेझ्डवर असा डाग सहसा एका पुसण्यात जातो. शिवाय चकचकीत डबल चार्ज ओली असताना घसरडी होते, म्हणून न्हाणीघर, सज्जा किंवा वृद्धांचा वावर असलेली खोली यांसाठी मी मॅट ग्लेझ्डचीच शिफारस करीन. खूप मोठ्या आकाराच्या, मोजके सांधे दिसणाऱ्या फरश्या हव्या असतील तरीही ग्लेझ्डकडेच वळावे लागेल, कारण तिथे आकारांना निवड अधिक आहे.

ज्यांच्या घरी जड वस्तू क्वचितच पडतात, त्यांना माझी तक्रार कदाचित क्षुल्लक वाटेल. तरीही दुकानात फरशीचा चेहरा पाहून झाला की ती उचलून कड अवश्य पाहावी. डबल चार्जच्या कडेला दोन थर स्पष्ट दिसतात. ग्लेझ्ड घेणार असाल आणि रंग गडद असेल, तर गाभाही त्याच छटेचा असलेला प्रकार मिळतो का, हे आधी विचारावे. तो मिळाला तर निम्मी चिंता मिटते. दिवाणखान्याची फरशी पुन्हा बदलायची वेळ आली, तर मी मात्र तो शोध न घेता थेट डबल चार्जच्या रांगेत जाऊन उभा राहीन.